कप आणि ग्रॅम जुळत नाहीत, केक दर वेळी वेगळा होतो: चूक नेमकी कुठे शोधायची?

तक्रार साधारण अशी असते. पाककृती कपांत लिहिलेली आहे आणि हाताशी वजनकाटा आहे. कुठल्या तरी रूपांतर-तक्त्यात '१ कप' शोधलं, ग्रॅमचा आकडा घेतला, सगळं काटेकोर तोललं, तरी केक कोरडा आणि घट्ट झाला. पुढच्या वेळी दुसरा तक्ता धरला, तर मिश्रण पातळ. मग संशय आधी ओव्हनवर जातो, नंतर बेकिंग पावडरवर, शेवटी स्वतःच्या हातावर. बहुतेक वेळा दोष यांपैकी कशातच नसतो. तो पहिल्या पायरीवरच, मोजमापात शिरलेला असतो आणि तिथेच शोधला तर सापडतो.

मुळातली गोष्ट आधी. कपाचे मिलिलिटर करणं हे साधं गणित आहे. कपाचे ग्रॅम करणं मात्र नुसतं गणित नाही, कारण कप जागा मोजतो आणि ग्रॅम वजन सांगतो. या दोघांच्या मधे पदार्थ उभा असतो. १ मिलि पाण्याचं वजन जवळजवळ १ ग्रॅम, तेवढ्याच तेलाचं सुमारे ०.९२, मधाचं सुमारे १.४२. आणि मैद्याचं? कप कसा भरला त्यावर ०.५ पासून ०.६ च्या पुढेपर्यंत काहीही. म्हणून '१ कप म्हणजे किती ग्रॅम' या प्रश्नाला पदार्थाचं नाव घेतल्याशिवाय उत्तरच नाही.

यावरून पहिली तपासणी ठरते. तुम्ही वापरलेल्या तक्त्याने पदार्थ कोणता ते विचारलं होतं का? विचारलं नसेल आणि उत्तर २३६ किंवा २३७ आलं असेल, तर ते पाण्याचं वजन आहे. मैद्यासाठी तो आकडा वापरला की मैदा जवळपास दुप्पट पडतो. मिश्रण एकत्र येतच नाही, नुसता चुरा राहतो. दोष इतका ठळक असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, तक्ता बदला.

याचीच उलटी चूक औंसांत होते आणि ती जास्त फसवी असते. औंस दोन आहेत. एक वजनाचा, २८.३५ ग्रॅमचा. दुसरा द्रव औंस, म्हणजे आकारमानाचा: अमेरिकी २९.५७ मिलि, ब्रिटिश २८.४१ मिलि. अमेरिकी कपात ८ द्रव औंस मावतात, हे अनेकांना पाठ असतं. म्हणून पाककृतीत '८ औंस मैदा' दिसलं की हात आपसूक एक कप भरतो. पण तिथे वजनाचे औंस अभिप्रेत आहेत, म्हणजे २२७ ग्रॅम, आणि कपात येतो फार तर १५० ग्रॅम. मिश्रण पातळ होण्याचं हे फार मोठं कारण आहे. नियम सोपा ठेवा: कोरड्या जिनसापुढे नुसता 'औंस' असेल तर तो वजनाचा. द्रवापुढे असेल तर बहुधा द्रव औंस. पिंटाचंही तसंच, अमेरिकी पिंट ४७३ मिलि आणि ब्रिटिश ५६८. पाककृती कुठल्या देशात लिहिली गेली हे कळल्याशिवाय पिंटाला हात लावू नये.

कप कोणता, आणि त्याने किती फरक पडतो

कपाच्या आकाराबद्दल खूप चर्चा होते. अमेरिकी पारंपरिक कप २३६.६ मिलि. तिथल्याच पोषणमूल्यांच्या लेबलांवर कप २४० मिलि धरतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पाककृतींतला मेट्रिक कप २५० मिलि, जपानी स्वयंपाकातला २०० मिलि. जुन्या ब्रिटिश लेखनात कप म्हणजे अर्धा पिंट, २८४ मिलि. राईस कुकरसोबत येणारा कप १८० मिलिचा असतो. तो त्या कुकरच्या भांड्यावरच्या रेघांशी जुळवलेला असतो, त्यामुळे तांदळासाठी योग्य आहे, केकसाठी मुळीच नाही.

माझं मत मात्र असं की २३७ आणि २५० मधल्या फरकाला जेवढा दोष दिला जातो तेवढा त्याचा नसतो. सगळे मुख्य जिन्नस एकाच कपाने मोजले, तर मैदा, साखर, दूध सगळंच ५.७ टक्क्यांनी वाढतं आणि त्यांचं आपसातलं प्रमाण तसंच राहतं. केक थोडा मोठा होतो, एवढंच. वाढत नाहीत त्या गोष्टी तीन: अंडी, चमच्याने मोजलेले जिन्नस, आणि पाकिटातून किंवा वजनाने आलेलं काही. पावणेसहा टक्क्यांच्या आसपासचा फरक अंड्याच्या केकला सहसा जाणवत नाही. २०० मिलिच्या कपाने लिहिलेली पाककृती २५० च्या कपाने केली, तर मात्र मैदा सव्वापट आणि अंडी तेवढीच, हे नक्की जाणवतं.

खरी गडबड कप मिसळल्यावर होते. मैदा अमेरिकी तक्त्यावरून १२० ग्रॅम प्रति कप धरून तोलला आणि दूध घरातल्या २५० मिलिच्या कपाने ओतलं, की मैदा एका मापाचा आणि दूध दुसऱ्या मापाचं. 'अर्धं काट्यावर, अर्धं कपाने' ही पद्धत सर्वांत जास्त फसते. एक तर पूर्ण पाककृती त्याच देशाच्या मापाने कपांत मोजा, नाही तर दुधापर्यंत सगळं काट्यावर घ्या.

तुमचा कप नेमका कितीचा आहे हे शोधायला दोन मिनिटं लागतात. रिकामा कप काट्यावर ठेवा, शून्य करा, काठापर्यंत पाणी भरा आणि ग्रॅम वाचा. जेवढे ग्रॅम तेवढे मिलि. खोलीच्या तापमानाला पाणी १ पेक्षा किंचित हलकं असतं, पण तो फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, स्वयंपाकात सोडून द्यावा. चमच्यांसाठी दहा सपाट चमचे पाणी तोलून दहाने भागा. एका चमच्यावर काट्याची अचूकता पुरत नाही. संचातले कप एकमेकांशी जुळतात का, हेही याच वेळी पाहा. पाव कप चार वेळा ओतून पूर्ण कप भरलाच पाहिजे.

मैदा

आता जिथे खरोखर घोळ होतो तिथे येऊ. तक्त्यांत १ कप मैद्यासमोर १२०, १२५, १२८, १४०, १५० असे आकडे दिसतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं यातला एकच बरोबर असणार. तसं नाही. हे सगळे आकडे कुणी ना कुणी खरोखर तोलून काढलेले आहेत. फरक भरण्याच्या पद्धतीचा आहे.

पीठ म्हणजे कण आणि त्यांच्यामधली हवा. पिशवी किंवा डबा काही दिवस हलवला नाही की पीठ बसतं आणि हवा निघून जाते. अशा पिठात कप खुपसून भरून घेतला, की कपाचा काठ पीठ आणखी दाबतो. सुरीच्या पाठीने सपाट केलं तरी १४० ते १५० ग्रॅम निघतात. तेच पीठ आधी काट्याचमच्याने सैल करून, चमच्याने कपात अलगद टाकून, न ठोकता सपाट केलं तर १२० ते १२५. चाळणीतून थेट कपात पाडलं तर १२० च्याही खाली. त्यात कप ओट्यावर दोनदा आपटला की पीठ खाली बसतं आणि वर पुन्हा जागा होते. ती जागा भरली की वजन परत वाढलं.

याचा परिणाम आकड्यांत बघा. ब्रेडच्या पाककृतीत ३ कप मैदा आणि १ कप पाणी आहे. लिहिणाऱ्याचा कप १२० ग्रॅमचा असेल तर मैदा ३६० ग्रॅम, पाणी २३७. म्हणजे मैद्याच्या ६६ टक्के पाणी, मऊ आणि थोडं चिकट पीठ. तुम्ही कप खुपसून १५० ग्रॅम भरलात तर मैदा ४५० ग्रॅम, आणि तेच पाणी आता ५३ टक्के. हे पीठ मळताना मनगट दुखतं आणि ब्रेड दाट होतो. पाककृती तीच, कप तोच, मोजणाराही प्रामाणिक. कपाच्या आकाराने पडणारा फरक सहा टक्क्यांच्या आत होता. इथे भरण्याच्या सवयीने पंचवीस टक्के पडला.

म्हणून 'खरा आकडा कोणता' हा प्रश्न सोडून 'लिहिणाऱ्याने कोणता धरला' हे शोधायचं. खुणा बहुतेक वेळा पाककृतीतच असतात. कप आणि ग्रॅम दोन्ही दिलेले असतील तर ग्रॅम घ्या आणि कप विसरा. मैद्याचे ग्रॅम दिले नसतील पण त्याच लेखकाच्या दुसऱ्या पाककृतीत असतील, तर तिथून घ्या. सवय सहसा बदलत नाही. साखरेवरून कपही ओळखता येतो: १ कप साखर २०० ग्रॅम लिहिली असेल तर अमेरिकी कप, २२० लिहिली असेल तर बहुधा ऑस्ट्रेलियन. ऑस्ट्रेलियन तक्त्यांत १ कप मैदा १५० ग्रॅम धरतात. कप मोठा आहेच, पण भरायची पद्धतही दाट आहे. अमेरिकी १२० ग्रॅमला नुसतं ५.७ टक्क्यांनी वाढवून १२७ काढलेत आणि ऑस्ट्रेलियन पाककृतीत वापरलेत, तर मैदा २३ ग्रॅमने कमी पडेल, तोही प्रत्येक कपामागे.

शब्दांचा क्रमही वाचा. '१ कप चाळलेला मैदा' म्हणजे आधी चाळा, मग कप भरा. '१ कप मैदा, चाळून' म्हणजे कप भरा, मग चाळा. पहिल्यात मैदा कमी येतो. अक्रोड, चॉकलेट यांनाही हेच लागू: 'तुकडे केलेले १ कप' आणि '१ कप, तुकडे करून' यांत वजनाचा चांगला फरक पडतो.

काहीच खूण नसेल तर मी १२५ ग्रॅम धरून सुरुवात करायला सांगेन. कमी मैद्यात वरून घालता येतो, जास्त झालेला काढता येत नाही. ब्रेडच्या पिठात पाच मिनिटं मळल्यानंतरच आणखी मैदा घालायचा की नाही हे ठरवा, कारण मैदा पाणी शोषायला वेळ घेतो आणि सुरुवातीचा चिकटपणा फसवतो. केकमध्ये ही मुभा नसते. तिथे पहिला केक १२५ ने करा आणि कसा झाला ते आकड्यासह लिहून ठेवा.

बाकीचे जिन्नस इतका त्रास देत नाहीत. २३६.६ मिलिच्या कपाला पाणी २३७ ग्रॅम, दूध २४४ च्या आसपास, तेल २१७, बटर २२७, मध ३४०, पांढरी साखर २००. हे आकडे निर्धास्त वापरा. साखरेचे दाणे फारसे दाबले जात नाहीत, द्रव तर दाबलाच जात नाही. पिठीसाखर ११५ ते १२०, कोको पावडर ८५ च्या आसपास, ओट्स सुमारे ९०. हे हवा धरणारे पदार्थ आहेत, मैद्यासारखेच सैल करून भरायचे. ब्राऊन साखर मात्र उलट: पाककृतीत 'दाबून भरलेली' असं गृहीत असतं, आणि तेव्हा २१५ ग्रॅमच्या आसपास येते. ती सैल भरली तर बरीच कमी पडते. किसलेलं चीज आणि चिरलेली पानं यांचं कपातून ग्रॅमात रूपांतर करत बसू नका. किसणी बदलली की आकडा बदलतो, आणि तिथे चव पाहून भागतं.

चमचे

टीस्पून जवळजवळ सगळीकडे ५ मिलिचा आहे. टेबलस्पून १५ मिलिचा, म्हणजे ३ टीस्पून. अपवाद ऑस्ट्रेलियाचा, तिथला टेबलस्पून २० मिलिचा, ४ टीस्पूनांचा असतो. लोण्याला किंवा मधाला याने फार बिघडत नाही, पण '१ टेबलस्पून बेकिंग पावडर' असेल तर एक टीस्पूनचा फरक केक वर येऊन मधे बसायला पुरेसा आहे. ब्रिटिश पाककृतीत डेझर्टस्पूनही भेटतो, तो १० मिलिचा.

जेवणाचे चमचे मापाचे नसतात. ज्यांना मापाचे चमचे नाहीत त्यांनी वर सांगितलेली पाण्याची चाचणी आपल्या चमच्यावर करावी. आणि चमचा सपाट घ्यावा. शीग लावून भरलेला चमचा सपाट चमच्याच्या दीडपट ते दुप्पट सहज होतो.

मिठाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. बारीक टेबल सॉल्टचा एक टीस्पून सुमारे ६ ग्रॅम भरतो. जाड, पापुद्र्यांचं मीठ त्याच चमच्यात जेमतेम ३ ग्रॅम बसतं. पाककृती जाड मिठाची असेल आणि तुम्ही बारीक वापरलंत तर खारटपणा दुप्पट. चमच्यात मोजलेलं मीठ कोणतं आहे ते लिहिलं नसेल तर अर्ध्याने सुरुवात करा.

काटा चुकतो तेव्हा

इतकं सगळं बरोबर करूनही जमत नसेल तर काट्याकडे वळा. तीन गोष्टी पुन्हापुन्हा आढळतात.

एक, काटा मिलिच्या सेटिंगवर गेलेला असतो. एकक बदलायचं बटण शून्याच्या बटणाशेजारीच असतं आणि बोट चुकतं. काट्याला पदार्थ कळत नाही. तो ग्रॅमच मोजतो आणि बहुधा पाण्याच्या हिशेबाने मिलि दाखवतो. २०० मिलि तेल हवं असताना काट्यावर २०० दिसेपर्यंत ओतलं तर प्रत्यक्षात सुमारे २१७ मिलि पडतं. मधाच्या बाबतीत २०० दिसेपर्यंत ओतलं तर फक्त १४१ मिलि. काही काट्यांवर दुधासाठी वेगळं सेटिंग असतं, तेही पाहून घ्या. द्रव मिलित हवा असेल तर मापाचं पारदर्शक भांडं वापरा, सपाट पृष्ठभागावर ठेवा आणि डोळे रेघेच्या पातळीवर आणून पाहा. वरून पाहिलं की आकडा चुकतो.

दोन, लहान वजनं. १ ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या काट्यावर ३ ग्रॅम यीस्ट तोलणं म्हणजे अडीच ते साडेतीनमधलं काहीही. ५ ग्रॅमच्या खालच्या जिनसांसाठी मापाचा चमचाच जास्त भरवशाचा, नाही तर ०.१ ग्रॅमचा छोटा काटा घ्यावा. सगळं ग्रॅमातच झालं पाहिजे हा आग्रह इथे कामाचा नाही.

तीन, अगदी हळू टाकणं. बरेच काटे शून्याच्या आसपासची बारीक हालचाल स्वतःच शून्य करून टाकतात. चिमूटचिमूट मीठ टाकत गेलं तर काटा ० वरच राहतो आणि भांड्यात मीठ साठत जातं. वेगळ्या वाटीत एकदम टाकून तोला.

ग्रॅमवरून कपाकडे

काटा नाही आणि पाककृती ग्रॅमात आहे, अशीही अडचण येते. पद्धत एकच: पदार्थाचे एका कपाचे ग्रॅम घ्या आणि भागा. ३०० ग्रॅम मैदा भागिले १२५ म्हणजे २.४ कप. दशांशाचा कप नसतो, म्हणून ०.४ ला १६ ने गुणा, कारण अमेरिकी कपात १६ टेबलस्पून असतात. उत्तर ६.४, म्हणजे २ कप आणि ६ सपाट टेबलस्पून, वर अर्ध्या टेबलस्पूनहून थोडं कमी. मैदा सैल करून भरला असेल तरच हे खरं. १५० ग्रॅम साखर म्हणजे पाऊण कप. १०० ग्रॅम बटर म्हणजे ७ टेबलस्पून. बटर कपात दाबून भरताना हवेचे खिसे राहतात, म्हणून आख्ख्या तुकड्यातून कापून घेणं बरं: २०० ग्रॅमच्या पाकिटाचा अर्धा भाग म्हणजे १०० ग्रॅम, याला कोणतंच माप लागत नाही.

तुमचा कप २५० मिलिचा असेल तर १६ टेबलस्पूनांचा हिशेब थोडा सरकतो. पाव कप म्हणजे ६२.५ मिलि, तो ४ टेबलस्पून आणि अर्ध्या टीस्पूनचा होतो. मैद्याला हे चालून जातं. यीस्ट आणि बेकिंग सोडा कपाच्या अपूर्णांकांतून मोजूच नका.

हे सगळं जुळलं आणि मिश्रण तरीही सैल असेल, तर शेवटचा संशयित अंडं. अमेरिकी पाककृतीतलं 'मोठं' अंडं कवच काढून सुमारे ५० ग्रॅम धरलेलं असतं. युरोपातलं 'मोठं' अंडं कवचासह ६३ ते ७३ ग्रॅमचं असतं, आणि कवच साधारण दहावा हिस्सा. तीन अंड्यांच्या केकमध्ये २० ते ४५ ग्रॅम द्रव असा नकळत वाढतो. अंडी फोडून, हलकी फेटून, वाटी काट्यावर ठेवून १५० ग्रॅमपर्यंतच घ्या. उरलेलं केकवर लावायला किंवा दुसऱ्या कशात वापरता येतं.